पाण्याचा हिशेब आणि पोरींचं पोहणं

"अगं बाई, प्यायला पाणी नाही आणि यांना पोहायला तलाव हवा!"

शाळेचा जुना, गळका पोहण्याचा तलाव पाडून नवा बांधायचा विषय पालकसभेत निघाला, की जालन्यासारख्या गावात पहिलं वाक्य हेच ऐकू येणार. त्यात चूक तरी काय? २०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडीचा तलाव आटला तेव्हा टँकरमागे हंडे-कळशा घेऊन आपणच धावलो. पाण्याचा हिशेब आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण मैत्रिणींनो, तोच हिशेब जरा शेवटपर्यंत करून पाहू या.

आमच्या लहानपणी पोहायला तलाव लागत नसे. गावची विहीर, पाठीला बांधलेला वाळका भोपळा आणि काठावरून दरडावणारा मामा, एवढ्यावर मुलगे तरबेज होत. आम्ही मुली काठावर धुणं धूत बसायचो! आता विहिरींचं पाणी खोल गेलं आणि शेतोशेती शेततळी आली. आपल्या जिल्ह्यातल्या कडवंचीने तर शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षमळे फुलवून नाव कमावलं. चांगलंच झालं. पण शेततळ्याच्या उतारावर प्लास्टिकचा कागद असतो. त्यावर शेवाळ धरलं, की पाय ठरत नाही. विहिरीला पायऱ्या असतात, कपार असते. इथे हाताला धरायला काहीच नाही. सुट्टीत आजोळी गेलेलं पोर चेंडू काढायला वाकतं आणि... पुढचं लिहवत नाही. आपल्या देशात दरवर्षी ३० हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात. शेततळ्याला कुंपण हवं, काठाला बांधलेला दोर हवा, हे खरंच. पण पाण्यात पडलेल्या पोराला मदत येईपर्यंत तरंगता आलं, तर जीव वाचण्याची आशा राहते. म्हणून पोहणं ही चैन नव्हे.

आता हिशेब. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटरहून किंचित कमी, म्हणजे १.२ मीटर खोल तलावात ३ लाख ७५ हजार लिटर पाणी मावतं. १० हजार लिटरचे साडेसदतीस टँकर! जुन्या तलावाला गाळणी नसली, तर पाणी हिरवं झालं की सोडून द्या आणि पुन्हा भरा. नव्या पद्धतीत तेच पाणी पंपाने वाळूच्या गाळणीतून फिरतं, त्यात मापात क्लोरीन पडतं आणि ते दीर्घकाळ चालतं. उन्हाने उडेल आणि गाळणी धुवायला लागेल तेवढीच भर घालायची. पातळी दिवसाला अर्धा सेंटिमीटर उतरली, तर सुमारे १,५६० लिटर जातात. रात्री तलावावर आच्छादन घातलं, की तेही कमी.

तेव्हा सभेत गप्प बसू नका. आधी विचारा, "जुना तलाव गळतो का?" परीक्षा अगदी घरगुती आहे. तलावातल्याच पाण्याने भरलेली बादली त्याच्या पायरीवर ठेवायची, बादलीत आणि तलावात पातळीच्या खुणा करायच्या. दुसऱ्या दिवशी तलावाची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली, तर तलाव गळतोय. भिंती धड असतील, तर दुरुस्ती आणि गाळणी एवढ्यानेही भागेल. उगाच घसरगुंड्या आणि कारंज्यांच्या नादी लागू नये. शिकणाऱ्याला छातीइतकं पाणी पुरतं.

मग पुढचं विचारा: पाणी रोज तपासणार कोण? जीवरक्षक सतत हजर राहणार का? आणि मुख्य म्हणजे, मुलींसाठी शिकवणारी बाई, वेगळी वेळ आणि कडी लागणारी कपडे बदलायची खोली आहे का? एवढं नसेल, तर कितीही झकास तलाव बांधा, आपल्या पोरी बाहेरच राहणार.

घरी सांभाळायचं ते थोडंच. पाण्यात उतरण्याआधी आणि नंतर साध्या पाण्याने अंग धुवावं, केस टोपीत घालावेत. साडी-ओढणी नको, अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा पोशाख हवा, तो पूर्ण बाह्यांचाही मिळतो. क्लोरीनचा भपकारा आला म्हणजे पाणी स्वच्छ, असं समजू नका. घाम आणि लघवी पाण्यात मिसळली, की तो वास वाढतो. तळ स्वच्छ दिसत नसेल, तर लेकीला खुशाल परत आणा.

१९५९ साली आरती साहा या बंगाली मुलीने इंग्लिश खाडी पोहून पार केली. आशियातली ती पहिली स्त्री. आपल्या लेकीने खाडी पार करावी असं कुठे म्हणतेय मी? तिने शेततळ्यातून सुखरूप घरी यावं, एवढंच.

आणि हो, तिच्यासाठी अर्ज आणाल तेव्हा एक स्वतःसाठीही आणा. काठावर धुणं धूत बसायचे दिवस पुष्कळ झाले!