बोलक्या प्रेमाचं दशक

डिसेंबर २०२५ मध्ये दिग्दर्शक रॉब रायनर आणि त्यांची पत्नी मिशेल यांची लॉस एंजेलिसमधल्या राहत्या घरी हत्या झाली. रायनर यांचा ‘व्हेन हॅरी मेट सॅली’ हा १९८९चा चित्रपट ज्यांनी मनापासून पाहिला, त्यांना या बातमीने हादरवून टाकलं. त्या चित्रपटाचा शेवट मुळात वेगळा ठरला होता. हॅरी आणि सॅली एकत्र येणारच नव्हते. घटस्फोटानंतर रायनर बरीच वर्षं एकटे होते, पुन्हा कुणाशी सूर जुळेल असं त्यांना वाटत नव्हतं. चित्रीकरणाच्या दिवसांत मिशेल भेटल्या आणि रायनर यांनी शेवट बदलला. रायनर यांच्या हत्येच्या दोनच महिने आधी ‘अ‍ॅनी हॉल’ची नायिका डायन कीटन गेली होती. ही माणसं एकामागून एक जात आहेत आणि त्यांनी वाढवलेला रोमँटिक कॉमेडी हा चित्रपटप्रकार मोठ्या स्टुडिओंनी जवळजवळ टाकून दिला आहे. हे मला फार लागलं आहे.

या प्रकाराचा पाया १९३४ साली फ्रँक काप्राच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ने घातला. घरातून पळालेली श्रीमंत मुलगी, नोकरी गमावलेला पत्रकार आणि दोघांच्या खाटांमध्ये दोरीवर टाकलेली चादर. त्याच वर्षी हॉलिवूडमध्ये नीतिनियमांची सक्ती कडक झाली, स्पर्श दाखवणं अवघड झालं आणि सगळी ओढ संवादांत उतरली. आपल्याकडे काप्राच्या या चित्रपटावरून १९५६चा ‘चोरी चोरी’ आणि १९९१चा ‘दिल है के मानता नहीं’ निघाले. लुबिच, प्रेस्टन स्टर्जेस आणि बिली वाइल्डर या दिग्दर्शकांनी या प्रकाराला उंची दिली. साठच्या दशकातले गुळगुळीत सिनेमे मला कंटाळवाणे वाटतात, सत्तरच्या दशकातला ‘अ‍ॅनी हॉल’ सोडला तर फारसं सांगण्यासारखं नाही.

आमचं दशक १९८९ ते १९९८. पुण्यात तेव्हा इंग्रजी सिनेमा म्हणजे अलका नाही तर राहुल. जे थिएटरात हुकायचं ते कॅसेट लायब्ररीतून भाड्याने आणायचं, पुढे केबलवर पाहायचं. ‘हॅरी-सॅली’ मी असाच कॅसेटवर पाहिला. शिकागोहून न्यूयॉर्कला एका गाडीतून निघालेली दोन माणसं वाटभर भांडतात आणि पुढच्या बारा वर्षांत पुन्हा पुन्हा भेटून बोलत राहतात. आपापल्या घरी, आपापल्या बिछान्यात पडून दोघं फोनवर गप्पा मारत टीव्हीवर ‘कासाब्लांका’ पाहतात, तो प्रसंग मला त्या दशकातला सर्वांत उत्कट प्रेमप्रसंग वाटतो. त्यात कुणी कुणाला शिवतसुद्धा नाही. मध्ये मध्ये म्हातारी जोडपी आपण कसे भेटलो ते सांगतात. त्या हकिकती खऱ्या माणसांकडून गोळा केलेल्या होत्या, बोलणारे मात्र नट होते.

पटकथा नोरा एफ्रॉनची. त्या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार ‘डेड पोएट्स सोसायटी’ला गेला. एफ्रॉनला तीनदा नामांकन मिळालं आणि २०१२ साली ती गेली तोवर एकदाही ऑस्कर मिळालं नाही. ‘स्लीपलेस इन सिअ‍ॅटल’मध्ये तिने नायक-नायिकेला शेवटपर्यंत एकमेकांपासून लांब ठेवलं. टॉम हँक्स आणि मेग रायन समोरासमोर येतात ते जेमतेम काही मिनिटं, तरी प्रेक्षक जागचा हलत नाही. याला कसब म्हणतात. याउलट ‘प्रिटी वुमन’ प्रचंड चालला, पण मला तो कधीच रुचला नाही. त्यात प्रेमापेक्षा खरेदी जास्त आहे.

त्या काळी आमच्या फिल्म सोसायटीत बर्गमन आणि गोदार यांच्यावर रात्र-रात्र चर्चा व्हायची आणि या सिनेमांचं नाव काढलं की ‘बायकांचे सिनेमे’ म्हणून विषय मिटवला जायचा. लुबिचचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ दाखवा, ही माझी सूचना दर वर्षी बाजूला पडली. तो राग अजून गेलेला नाही. दोन माणसांनी एकमेकांना शब्दांतून ओळखणं हा विषय हलका आहे, असं म्हणणाऱ्यांनी ते सिनेमे नीट पाहिलेच नव्हते.

१९९८ साली एफ्रॉनने लुबिचच्या त्याच चित्रपटावरून ‘यू हॅव गॉट मेल’ केला. मेग रायनचं मुलांच्या पुस्तकांचं छोटं दुकान टॉम हँक्सच्या अवाढव्य दुकानामुळे बंद पडतं आणि तरी ती त्याच्याच प्रेमात पडते. हा शेवट मला तेव्हाही खुपला, आजही खुपतो. पण रिकाम्या दुकानातून ती निघते त्या प्रसंगात एफ्रॉनने काही लपवलं नाही. पुढे मोठी दुकानंही वाचली नाहीत, ‘बॉर्डर्स’ ही अमेरिकी साखळी २०११ मध्ये बंद पडली.

तसंच या सिनेमांचं झालं. २००८च्या सुमारास डीव्हीडीची विक्री घसरू लागली, तशी मध्यम खर्चाच्या चित्रपटांची कमाई आटली. स्टुडिओंना परदेशी बाजार महत्त्वाचा झाला, आणि स्फोट कुठल्याही देशात कळतो, बोलण्यातली गंमत भाषा ओलांडताना गळते. मग सुपरहिरो आले आणि प्रेमकथा ओटीटीवर गेल्या. तिथे प्रेक्षक एका डोळ्याने फोन पाहतो आणि पात्रं मनातलं सगळं पहिल्याच भेटीत बोलून टाकतात. लोकांना आता असं काही नको असतं, हे मात्र मी मान्य करत नाही. २०२३ च्या अखेरीस आलेल्या ‘एनीवन बट यू’ने अडीच कोटी डॉलरच्या खर्चावर जगभरात सुमारे बावीस कोटी कमावले. चित्रपट साधारणच आहे, पण लोक थिएटरात गेले. आपल्याकडे २०१० साली ‘मुंबई-पुणे-मुंबई’त दोन माणसं दिवसभर पुण्यात नुसती फिरत बोलत होती आणि मराठी प्रेक्षकाने त्यांना डोक्यावर घेतलं.

म्हणून आज फिल्म क्लब चालवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. यंदाच्या कार्यक्रमात एक संध्याकाळ राखून ठेवा. आधी १९४०चा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ लावा, मग ‘यू हॅव गॉट मेल’, आणि मध्ये चर्चेला भरपूर वेळ द्या.