सहा की दहा?

माझी मावशी फोन कानाच्या वर, जवळजवळ केसांत धरते. पाहणाऱ्याला विचित्र वाटतं, पण तिच्या कॉक्लिअर इम्प्लांटचा माइक तिथेच, कानामागे वरच्या बाजूला आहे. त्याने टिपलेल्या आवाजाचे प्रोसेसर विद्युत संकेत करतो आणि आतल्या कानाच्या शंखात सरकवलेले इलेक्ट्रोड थेट श्रवणनाडीला चेतवतात. निरोगी कानात मेंदूपर्यंत आवाज पोचवायला सुमारे ३,५०० केशपेशी असतात. इम्प्लांटमध्ये साधारण १२ ते २२ इलेक्ट्रोड.

एवढ्या भांडवलावर मावशी समोरासमोर छान गप्पा मारते. तिथे ओठ दिसतात, चेहरा दिसतो. फोनवर ते जातंच, शिवाय साधी फोनलाइन आवाजाचा फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्झचा पट्टा पुढे पाठवते. ‘स’चा जोर बहुतेक ४,००० हर्ट्झच्या वर. म्हणजे ‘स’ वाटेतच गळतो. आपला मेंदू ती गळती नकळत भरून काढतो. मोजक्या इलेक्ट्रोडांवर ऐकणाऱ्याला ते फार जड जातं. मी ‘सहा तारखेला येते’ म्हटलं, तिने दहा ऐकलं आणि चार दिवस आधीच मी दारात उभी!

टेलिफोनचं पेटंट १८७६ सालचं. ते घेणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल बहिऱ्या मुलांचे शिक्षक होते. त्यांच्या आईला नीट ऐकू येत नसे आणि पत्नी मेबल लहानपणीच्या आजाराने पूर्ण बहिरी झालेली. ती ओठ वाचून बोलणं समजून घेई. नवऱ्याचं यंत्र तिच्या उपयोगाचं नव्हतं.

आता वाटा निघाल्यात. एचडी व्हॉइसचा पट्टा ७,००० हर्ट्झपर्यंत जातो, त्यात ‘स’ बराच वाचतो. ब्लूटूथने आवाज थेट प्रोसेसरमध्ये उतरतो, खोलीतला पंखा-कुकर मध्ये येत नाही. व्हिडिओ कॉलवर ओठ परत मिळतात. तरी बँकेतून फोन आला आणि तिने एकदा ‘पुन्हा सांगा’ म्हटलं, की पलीकडून विचारतात, ‘घरात दुसरं कोणी आहे का?’ हे मला फार लागतं. खातं तिचं, पैसे तिचे. तोच प्रश्न जरा सावकाश, वेगळ्या शब्दांत विचारला असता तर तिनेच उत्तर दिलं असतं.

मी आता ‘शनिवारी, सहा तारखेला’ असं जोडीने सांगते. वार कळला की आकडा आपोआप जुळतो. मावशीही खात्री करून घेते, ‘शनिवारी ना? म्हणजे सहा.’ आणि मी नुसतं ‘हो’ म्हणते.