तुटलेली तार कोणी जोडायची?

रस्ता, पाणी आणि वीज आली म्हणजे गाव सुधारला, असे पूर्वी म्हणत असत. या तीन सोयींच्या जोडीला आता ब्रॉडबँड ही चौथी सोय येऊन बसली आहे. पेडणे तालुक्यात केरी-पालयेपासून मोपा-तोरशापर्यंत आणि डिचोली तालुक्यात साळ-मेणकुऱ्यापासून मये-नार्व्यापर्यंत अनेक घरांच्या भिंतीवर दिवे लुकलुकणारी एक लहानशी पेटी आढळते. शेतकऱ्याचा योजनेचा अर्ज, विद्यार्थ्याचा परीक्षेचा निकाल, बोटीवर नोकरीस गेलेल्या मुलाचे आईला होणारे दर्शन, ही सारी त्या पेटीतून येतात. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा गोव्याच्या डोंगराळ भागांतील कित्येक मुलांना अभ्यासासाठी रेंज मिळेल अशा टेकडीवर जाऊन बसावे लागले, ही गोष्ट आपण विसरलेलो नाही.

अशी ही सोय एखाद्या दिवशी एकाएकी बंद पडते. घरातील मंडळी कंपनीस दोष देतात, कंपनीचा माणूस केबलवाल्याकडे बोट दाखवितो, केबलवाला विजेच्या खांबाकडे पाहतो. आणि या बोटे दाखविण्यात आठवडा निघून जातो. यास्तव बिघाड कोठे आहे आणि तो दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाची, या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक घराला ठाऊक असली पाहिजेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचे फार अवघड राहत नाही.

प्रथम ही सेवा घरापर्यंत येते कशी ते पाहू. आजच्या बहुतेक जोडण्या ऑप्टिकल फायबरच्या, म्हणजे काचेच्या तंतूच्या असतात. घरापर्यंत येणाऱ्या या तंतूची जाडी, वरील आवरण सोडल्यास, मिलिमीटरचा सुमारे आठवा भाग एवढीच असते. आणि ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो तो तर त्याहूनही कितीतरी बारीक असतो. गाभ्यात शिरलेला प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे बाहेर न पडता पुढे सरकत राहतो. हा धडा आपण पदार्थविज्ञानात शिकतोच. शुद्ध काचेतून प्रकाशाच्या साहाय्याने दूरवर संदेश पाठविता येतील, हे चार्ल्स काओ या शास्त्रज्ञाने १९६६ साली दाखवून दिले. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने तशी काच प्रत्यक्षात तयार केली आणि २००९ साली काओ यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

कंपनीच्या केंद्रातून निघालेला एक तंतू गावात येतो. तेथे खांबावरील किंवा भिंतीवरील पेटीत त्या प्रकाशाचे अनेक भाग करून तो निरनिराळ्या घरांस वाटून देण्यात येतो. तेथून एक बारीक केबल आपल्या घरात शिरते आणि मोडेमला जोडली जाते. मोडेम प्रकाशाचे रूपांतर विद्युत्संदेशात करतो, आणि राउटर तो संदेश वाय-फायच्या लहरींनी मोबाइलपर्यंत पोहोचवितो. पुष्कळ घरांत ही दोन्ही कामे एकच पेटी करते. केंद्र, गावातील वाटणीची पेटी, घराकडे येणारी केबल, मोडेम आणि वाय-फाय, असे हे पाच टप्पे ध्यानात ठेवावेत. बिघाड यांपैकी कोठे तरी असतो.

तो शोधण्यासाठी पेटीवरील दिवेच आपले मार्गदर्शक होत. एकही दिवा लागत नसेल तर वीज, प्लग किंवा अडॅप्टर यांत दोष आहे. ‘एलओएस’ असे लिहिलेला दिवा तांबडा लागला असेल तर प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. मग घरातील केबल कपाटामागे दबली आहे काय, दारात चेंगरली आहे काय, तिला तीव्र बाक आला आहे काय, ते पाहावे. कारण काचेचा तंतू फार वाकला की प्रकाश बाहेर निसटतो. घरात सर्व ठीक असेल तर दोष बाहेर आहे असे बहुधा समजावे. ‘पॉन’ हा दिवा स्थिर आहे, ‘एलओएस’ विझलेला आहे, तरीही काही चालत नाही, अशा वेळी भरणा संपला आहे काय ते प्रथम तपासावे. भरणा चालू असेल तर अडचण कंपनीच्या केंद्रात असू शकते. तारेने जोडलेला संगणक चालतो पण मोबाइल चालत नाही, तर दोष केवळ वाय-फायचा होय. पेटी एक मिनिट बंद करून पुन्हा सुरू करणे हा साधा उपाय आधी करून पाहावा. परंतु पेटीमागील बारीक छिद्रातील बटण दाबू नये. त्याने आत भरलेली सर्व मांडणी पुसली जाते आणि लहान बिघाडाचा मोठा होतो. शेवटी शेजारच्या घरी विचारावे. सगळ्या वाड्याचीच सेवा बंद असेल तर आपल्या घरात शोध घेण्यात अर्थ नाही.

आपल्या तालुक्यांत असे बिघाड अधिक का होतात, याचीही कारणे आहेत. जून ते सप्टेंबर या काळात येथे धो धो पाऊस कोसळतो. माडाची झावळ किंवा फणसाची फांदी पडली की खांबावरून आलेली केबल तुटते. वानर तारांवर झेपावतात, उंदीर आवरण कुरतडतात. रस्ते रुंद करताना आणि जलवाहिन्या घालताना माती उकरणारी यंत्रे जमिनीतील केबल तोडतात. पावसाळ्याच्या आरंभी आणि अखेरीस विजांचा कडकडाट होतो. काच स्वतः वीज वाहून नेत नाही हे खरे, तथापि केबलला आधार देणारी धातूची तार आणि अडॅप्टरची जोडणी यांतून तडाखा पेटीपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून ढग गडगडू लागण्यापूर्वीच प्लग काढून ठेवणे शहाणपणाचे.

आता जबाबदारीचा प्रश्न. शापोरा आणि तेरेखोल या नद्यांच्या काठी खाजन शेते आहेत. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढील कित्येक पिके बुडतात. म्हणून बांध कोणी राखायचा, मानशीची दारे कोणी सांभाळायची, हे आपल्या पूर्वजांनी फार पूर्वीच ठरवून ठेवले होते. पाणी आत आल्यावर त्यांनी वाद घातला नाही. विजेच्या बाबतीतही सर्वसाधारणपणे मीटरपर्यंत खात्याची आणि मीटरनंतर घरमालकाची अशी हद्द असते. ब्रॉडबँडची हद्दही अशीच समजून घ्यावी.

केंद्रापासून घरातील मोडेमपर्यंतची केबल सुस्थितीत राखणे हे सेवा देणाऱ्या कंपनीचे काम. मोडेम कंपनीने भाड्याने किंवा अनामत घेऊन दिला असेल आणि तो आपोआप बिघडला, तर तो बदलून देणे सामान्यतः तिचेच काम. मात्र करारपत्रात काय लिहिले आहे ते पाहावे. आपण बाजारातून आणलेला राउटर, आपण भिंतीतून फिरविलेली तार, घरातील वीज व इन्व्हर्टर ही आपली जबाबदारी. रंगकाम करताना केबल आपल्या हातून तुटली तर खर्च आपणच सोसणे न्यायाचे. रस्ता खणणाऱ्या ठेकेदाराने केबल तोडली तर त्याची भरपाई कंपनीने ठेकेदाराकडून मागावी; परंतु तोपर्यंत ग्राहकास ताटकळत ठेवणे योग्य नव्हे, कारण ग्राहकाचा व्यवहार कंपनीशी आहे, ठेकेदाराशी नाही. खणण्यापूर्वी केबलवाल्यांस सूचना मिळावी म्हणून केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले आहे. पंचायतीच्या कामातही त्याचा उपयोग झाला तर पुष्कळ केबली वाचतील.

खांबांचा प्रश्न थोडा निराळा आहे. गोव्यात अनेक केबली वीज खात्याच्या खांबांवरून नेलेल्या आहेत. परवानगी न घेता टाकलेल्या केबली काढण्याची कारवाई खात्याने हाती घेतली, आणि २०२५ साली हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला. खांबावर लोंबणाऱ्या तारांचे जंजाळ वीज कर्मचाऱ्याच्या जिवास धोका आहे, हे खात्याचे म्हणणे डावलण्याजोगे नाही. आणि पैसे भरूनही सेवा खंडित झालेल्या ग्राहकाचे दुःखही खोटे नाही. यातून घेण्यासारखा धडा एवढाच, की जोडणी घेण्यापूर्वीच केबल कोणत्या खांबांवरून येणार, त्यास परवानगी आहे काय आणि पावती कोणत्या कंपनीच्या नावाची मिळणार, हे विचारून ठेवावे. गावातील केबलवाला हा बहुधा त्या कंपनीचा प्रतिनिधी असतो. तो ओळखीचा, शेजारचा म्हणून त्याला तोंडी सांगून आपण गप्प बसतो. पण तोंडी सांगणे म्हणजे तक्रार नव्हे.

तक्रार कशी करावी, हेही नियमांनी ठरवून दिले आहे. १९९७ साली स्थापन झालेल्या भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१२ साली तक्रार निवारणाचे नियम केले. त्यांनुसार तक्रार केंद्राने प्रत्येक तक्रारीस क्रमांक द्यावयाचा असतो. हा क्रमांक, तारीख आणि वेळ वहीत टिपून ठेवावी. निवारण झाले नाही किंवा समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीतील अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते. त्यास शुल्क नाही, आणि अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत व्हावयास हवा. २०२४ साली ट्रायने सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले. त्यांत तारेवरील सेवेचा बिघाड तीन दिवसांहून अधिक रेंगाळला तर ग्राहकास भाड्यात सूट किंवा मुदतवाढ देण्याची तरतूद आहे. मात्र बिघाड कोणत्या दिवशी कळविला याचा पुरावा म्हणजे तोच तक्रार क्रमांक होय. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवीत नाही, हेही लक्षात असावे. एवढे करूनही न्याय न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दूरसंचार सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि अशी तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला आहे.

विद्यार्थ्यांनी या कामी घरच्यांस मोठे साहाय्य करता येईल. आजी-आजोबांना दिव्यांचा अर्थ समजावून सांगावा. मोडेमशेजारी ग्राहक क्रमांक, तक्रारीचा दूरध्वनी आणि भरणा संपण्याची तारीख लिहिलेला कागद चिकटवावा. परंतु साहस करू नये. खांबावर चढू नये; पडलेली तार केबलचीच आहे असे गृहीत धरून तिला हात लावू नये, ती विजेचीही असू शकते, तेव्हा दूर राहून वीज खात्यास १९१२ या क्रमांकावर कळवावे. तुटलेल्या फायबरच्या टोकात डोकावू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, तरी अपाय करू शकतो. काचेचा तुकडा बोटात शिरला तर तो काढणे कठीण जाते. तुटलेले तंतू जोडण्याचे यंत्र कंपनीच्या कारागिराकडे असते; चिकटपट्टी लावून ते जुळत नाहीत.

भर पावसात शिडी खांबाला लावून तो बारीक तंतू जुळविणाऱ्या कारागिराशी सौजन्याने बोलावे. दोष बहुधा त्याचा नसतो. आपला राग त्याच्यावर न काढता आपली तक्रार योग्य ठिकाणी, लेखी आणि क्रमांकासह नोंदवावी. आपल्या हद्दीतील काम आपण केले, तर समोरच्यास त्याच्या हद्दीतील कामाची आठवण देण्याचा अधिकार आपल्याला मिळतो. हा अधिकार शांतपणे आणि चिकाटीने वापरणारी घरे गावोगाव निर्माण झाली, तर तुटलेली तार कोणी जोडायची, हे विचारत आठवडा घालविण्याची पाळी कोणावर येणार नाही.