चिकटवलेलं चक्र आणि चालणारी बत्ती

वाफेच्या इंजिनाच्या काळातल्या माणसाला उद्याचं जग कसं दिसलं असतं, या कल्पनेवर स्टीमपंक ही शैली उभी आहे. नाव १९८७ सालचं, के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकी लेखकाने सुचवलेलं. प्रेरणा मात्र ज्यूल व्हर्नची. त्याच्या १८८०च्या कादंबरीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती चाकांवरची घरं ओढत आपल्या भारतात हिंडतो.

धामापूरला तळ्याजवळच्या एका पडवीत डिझाइन शिकणारा मुलगा जुन्या गॅसबत्तीचा स्टीमपंक शैलीतला टेबलावरचा दिवा करत होता. पितळी टाकीवर त्याने घड्याळाची चक्रं चिकटवली होती. दशावताराच्या जत्रांत रात्र रात्र बत्त्या सांभाळलेल्या आजोबांनी एका चक्रावर बोट ठेवलं. "ह्या फिरता काय?" मुलगा नाही म्हणाला. "मगे लावलंस कित्याक?"

मग त्यांनी माळ्यावरची दुसरी, चालू बत्ती उतरवली. वाटीत स्पिरिट ओतून पेटवलं आणि नळी तापेपर्यंत नुसते बसून राहिले. इथे घाई केली की रॉकेलची वाफ न होता भडका उडतो आणि काच काळी पडते. नळी तापल्यावर हवेचा स्क्रू आवळला, पंप मारला. गेजचा काटा सरकला. दाबाने रॉकेल वर चढतं, तापल्या नळीत त्याची वाफ होते, निपलच्या बारीक भोकातून ती जोराने सुटते, वाटेत हवा ओढून घेते आणि मेंटलमध्ये जळते. त्याच आचेवर नळी पुढे तापलेली राहते. बाजूची मूठ फिरवली की आतली सुई भोक साफ करते. रेशमी जाळीसारखं दिसणारं मेंटल पेटल्यावर उरते ती थोरियम ऑक्साइडची राख, आणि खरा लख्ख उजेड तिचाच. हे थोरियम पहिल्या महायुद्धाआधी त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून जर्मनीला जात असे.

मुलाने चक्रं उपटली. मुठीला एलईडी मंद-प्रखर करणारा रेग्युलेटर जोडला. गेजचा काटा आता बॅटरीचा जोर दाखवतो. दिवा आधीपेक्षा साधा झाला, आणि कितीतरी देखणाही. या शैलीत मी पाहिलेल्या बहुतेक वस्तू नेमक्या इथेच फसतात: त्यांच्यावर यंत्र असतं, आत नसतं.

तुमच्या माळ्यावर अशी बत्ती असेल तर भंगारात घालू नका. ती पेटवता येणारं माणूस घरात आहे तोवर एकदा त्यांच्याकडून पेटवून घ्या, आणि शेजारी बसून पाहा.