घराचा विमा

सन १६६६ च्या सप्टेंबर महिन्यांत लंडन शहरांतील एका भटारखान्यांतून पेटलेल्या आगीनें तेरा हजारांहून अधिक घरें भस्मसात् केलीं. तेथें त्या वेळीं घराचा विमा ठाऊक नव्हता. ज्याचें घर गेलें, त्याचें बहुधा सर्वस्व गेलें. पुढें १६८० च्या सुमारास निकोलस बार्बन या गृहस्थानें त्याच शहरांत घरांचा आगीविरुद्ध विमा उतरविण्यास आरंभ केला.

विम्याचें तत्त्व साधें आहे. एक हजार कुटुंबांनीं वर्षारंभीं प्रत्येकी हजार रुपये एके ठिकाणीं ठेविले, तर दहा लाख जमतात. त्या वर्षीं त्यांपैकीं एखाद्याचें घर जळालें, तर त्या रकमेंतून तें पुन्हां उभें करितां येतें. या वर्गणीसच हप्ता म्हणतात.

पुष्कळांची तक्रार असते कीं, वर्ष सुखरूप गेलें आणि हप्ता मात्र फुकट गेला. विद्यार्थीमित्रहो, तो फुकट गेला नाहीं. कोणा अनोळखी शेजाऱ्याच्या पडलेल्या भिंती उभारण्यास गेला. दुसरे कोणी म्हणतात, देव रक्षणकर्ता असतां विमा कशास? परंतु रात्रीं दाराला कडी लावणारा मनुष्य श्रद्धाहीन ठरत नाहीं. आणि दुसऱ्याच्या दुःखाचा भार वांटून घेणें हें तर श्रद्धेचेंच कार्य होय.

आपल्या देशांत १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' या नांवाची, सर्वत्र सारख्या अटींची पॉलिसी सुरू झाली. तींत आग, वादळ, पूर, भूकंप इत्यादिकांपासून होणारी हानि अंतर्भूत आहे. इमारतीचा विमा उतरविला असतां त्या रकमेच्या शेंकडा २० इतका, परंतु दहा लाखांच्या मर्यादेंत, घरांतील सामान्य सामानाचाही विमा यादीवांचून होतो. दागिन्यांसाठीं मात्र निराळी तरतूद करावी लागते. भाडेकरूसही केवळ सामानाचा विमा उतरवितां येतो. रक्कम ठरवितांना जागेचा बाजारभाव धरूं नये. तेंच घर नव्यानें बांधण्यास लागणारा खर्च धरावा, कारण जमीन जळत नाहीं.

२६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व असंख्य घरांत पाणी शिरलें. अशा प्रसंगानंतर घरांत काय काय होतें, हें आठवून सांगणें कठीण जातें. यास्तव वस्तूंची यादी, पावत्या व छायाचित्रें यांची एक प्रत घराबाहेर सुरक्षित ठेवावी. मुलांनो, येत्या सुट्टींत हें काम तुम्हीच अंगावर घ्या. पालकांनीं अर्जांत सर्व माहिती खरी लिहावी. कारण पुष्कळांच्या विश्वासावर उभारलेला हा निधि एकाच्या असत्यानेंही दुबळा होतो.