उभ्यानं टाचलेली गोधडी

संपादकांनी पाठवलं होतं गोधडीच्या रंगांवर लिहायला. दिवाळी अंकाची रंगीत पानं भरायची होती. साताऱ्याजवळच्या एका घरी बायका मिळून गोधड्या शिवतात असं कळलं, म्हणून गेले. रंग पाहिले, घडवंचीवरच्या गोधड्या उलगडून पाहिल्या, आणि मग पुढचे तीन तास एका टेबलापाशी उभी राहिले. पासष्टीच्या एक मावशी तिथे उभ्यानं गोधडी टाचत होत्या.

गोधडी अंगावर घेणाऱ्याला तिचा धावदोरा दिसतो. त्याआधीचे कच्चे टाके कुणालाच दिसत नाहीत, कारण गोधडी पुरी झाली की ते उसवून काढून टाकतात. पण गोधडी सरळ पडणार की मधे झोळ धरणार, हे त्याच टाक्यांवर ठरतं. खाली अस्तराचं लुगडं, मधे जुन्या धोतरांचे, परकरांचे थर, वर चांगलं पातळ. हे सगळं एकमेकांवरून न सरकता धरून ठेवायचं. त्यासाठी जमिनीवर अंथरायचं, कोपऱ्यांवर दगड किंवा पाटा ठेवायचा, आणि कडेकडेनं टाचत आत यायचं. कडा बसून होतात. मधल्या भागासाठी मात्र गोधडीवरच चढावं लागतं, गुडघ्यांवर रांगत. डबल बेडची गोधडी 90 बाय 100 इंचांची. चार-चार बोटांवर ओळी घातल्या तर वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगणं आलं.

हे दुखणं एकट्या महाराष्ट्राचं नाही. बंगालमध्ये कांथेचे थर जमिनीवर पसरून कडांना खजुरीचे काटे टोचत. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका त्यांची गोधडी, कवंदी, कडेपासून आत शिवत नेतात, तुकडे जोडणं आणि थर शिवणं एकदमच होतं, पण बसतात जमिनीवरच. अमेरिकेतल्या शेतघरांत चार दांड्यांची चौकट असे. तिच्यावर थर ताणून बायका भोवती खुर्च्या टाकून बसत, आणि कुठे कुठे काम थांबलं की चौकट दोऱ्यांनी छताकडे ओढून घेत.

मावशींच्या टेबलाला घोड्या सुताराच्या, वर प्लायवूडचे दोन तुकडे. उंची 36 इंच, म्हणजे त्यांच्या कमरेशी. आधी त्यांनी जेवणाच्या टेबलावर करून पाहिलं होतं. ते साधारण 30 इंचांचं असतं. त्यावर गुडघे वाचले पण कंबर धरली. टेबलाच्या बरोबर मध्यावर दात कोरायची काडी चिकटपट्टीनं बसवलेली. अस्तर चौघडी करून त्याचं टोक त्या काडीवर ठेवलं की मध्य सापडतो. पुढचे थर घातल्यावरही बोटाला ती काडी वरून लागते, त्यामुळे प्रत्येक थराचा मध्य जुळतो. कडांना कागदांचे काळे चिमटे. उजव्या हातात सुई, डाव्यात चहाचा चमचा: सुईचं टोक वर आलं की चमच्याच्या कडेवर घ्यायचं. बोटांना भोकं पडत नाहीत, आणि मुख्य म्हणजे खालून हात घालून थर उचलावे लागत नाहीत.

मी मदतीला म्हणून एक चिमटा लावला, कापड खेचून. मावशींनी लगेच काढला.

“ताई, सळ काढायची, ताण नाही द्यायचा. आत्ता ताणलेलं अस्तर चिमटा काढला की मागं जातं, आणि वरचं पातळ फुगतं.”

कापड सपाट हवं, ओढलेलं नको. हा फरक डोळ्याला दिसत नाही, तळहाताला कळतो. त्यांनी माझा हात धरून कापडावरून फिरवला तेव्हा कुठे समजला.

एक भाग टाचून झाला की चिमटे काढून गोधडी पुढे सरकवायची. इथून अडचणी सुरू होतात. टेबलाखाली लोंबणारं वजन थर ओढतं. म्हणून चारी बाजूंना खुर्च्या लावून लोंबणारा भाग त्यांवर चढवतात. त्यांच्या भाचीनं फोनवर शॅरन शँबर या अमेरिकन शिक्षिकेची रीत दाखवली होती: वरचं कापड एका लांब फळीवर, अस्तर दुसऱ्या फळीवर गुंडाळायचं आणि हाताच्या टप्प्यात येईल तेवढंच उलगडत टाचायचं. फार सुंदर रीत आहे. पण तिकडे मधे एकसंध कापसाची चादर असते. गोधडीच्या पोटात एकसंध काहीच नसतं. बाही, परकराचा घेर, धोतराचं अर्धं पान नुसतं मांडलेलं असतं, आणि जमीन ते आहे तिथे धरून ठेवते. टेबलावर सरकवलं की तुकडे एकमेकांवर चढतात, कुठे गाठ होते, कुठे पोकळ राहते. शेवटी मावशींनी तोड काढली: सगळे तुकडे आधी एका जुन्या धोतरावर टाचून घ्यायचे. झोळ गेला, पण एका गोधडीमागे एक दिवस वाढला.

मला काळजी वाटते ती त्या दिवसाची. इथे मजुरी नगावर मिळते. तो दिवस गिऱ्हाईक मोजत नाही, आणि गोधडी पाहून तो दिसतही नाही. शिवाय हे टेबल मावशींची पुढची खोली पूर्ण अडवतं. रात्री प्लायवूड भिंतीला उभं करावं लागतं, तेव्हा अंथरुणं पडतात. काम घरी नेणाऱ्या बायकांच्या दहा बाय दहाच्या खोलीत ते मावणारच नाही. त्या जमिनीवरच टाचतात. त्यांतली एक, तिशीचीही नसेल, शेजारच्या खोलीत अंथरलेल्या वाकळेवर काम करत होती. उठताना तिनं एक हात भिंतीला लावला, दुसरा मांडीवर दाबला, आणि क्षणभर तशीच थांबली. असं उठणं मी माझ्या आजीचं पाहिलंय. आजी तेव्हा सत्तरीची होती.

मावशींनीही पाहिलं. काही बोलल्या नाहीत. एक खुर्ची बाजूला ओढून टेबलाशी तिला जागा करून दिली. तिनं अस्तराची कड धरून चिमटा लावला, चांगला खेचून. मावशींनी तो काढला, तिचा तळहात कापडावर ठेवला आणि फिरवला.