पक्षिगर्भातील हृदयदोषांचा प्रायोगिक अभ्यास

हृदयाच्या जन्मजात दोषाचे मूळ हृदयातच असावे, असे मानणे स्वाभाविक आहे. परंतु कोंबडीच्या गर्भावरील प्रयोगांनी ही समजूत अपुरी ठरविली आहे.

कोंबडीचे हृदय मनुष्याप्रमाणेच चार कप्प्यांचे असते, आणि अंड्याच्या कवचास झरोका पाडून त्याची घडण प्रत्यक्ष पाहता येते. उबवणीचा काळ २१ दिवसांचा असला, तरी दुसऱ्या दिवशीच डाव्या व उजव्या हृदयमूलांच्या संयोगाने बनलेली नलिका स्पंदन पावू लागते. हा संयोग शस्त्राने रोखल्यास दोन हृदये निर्माण होतात व दोन्ही स्वतंत्रपणे स्पंदन पावतात. तापमानानुसार वाढीचा वेग बदलत असल्याने गर्भाचे वय केवळ तासांवरून ठरवीत नाहीत. हँबर्गर व हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये वर्णिलेल्या ४६ अवस्था त्यासाठी प्रमाण मानल्या जातात.

मज्जानलिकेच्या कडेवरून निघणाऱ्या पेशींना शिखापेशी म्हणतात. १९८३ मध्ये मार्गारेट कर्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्णमूलाच्या मध्यापासून तिसऱ्या कायखंडापर्यंतच्या या पेशी काढून टाकल्या. तेव्हा महारोहिणी व फुप्फुसरोहिणी यांना विभागणारा पडदा तयार न होता एकच सामाईक वाहिनी शिल्लक राहिली. लावा पक्ष्याच्या पेशींतील केंद्रक रंजनाने वेगळे ओळखू येते, हे निकोल ल दुआरँ यांनी १९६९ मध्ये दाखविले होते. या खुणेमुळे कोंबडीच्या गर्भात रोपण केलेल्या लावाच्या शिखापेशी त्या पडद्यापर्यंत पोहोचतात, हे सिद्ध झाले.

दुसरे बाह्य कारण रक्तप्रवाहाचे. चौथ्या दिवसाच्या सुमारास डाव्या कर्णिकेस दोऱ्याने आवळले असता डाव्या जवनिकेकडे जाणारे रक्त घटते. ती जवनिका खुरटते व उजवी मोठी होते. येथे एकही पेशी काढलेली नसते. अर्थात, केवळ झरोका पाडलेल्या व शस्त्रक्रिया न केलेल्या गर्भांशी तुलना केल्याशिवाय अशा निष्कर्षांना आधार राहत नाही.

मनुष्यात २२व्या गुणसूत्राचा अल्पांश लुप्त झाल्यास रोहिणीविभाजनाचे असेच दोष आढळतात व यौवनलोपी ग्रंथीही अपुरी राहते. शिखापेशी काढलेल्या पक्षिगर्भातही ती अपुरीच राहते. तथापि, त्या लुप्त अंशातील टीबीएक्स-१ हे महत्त्वाचे जनुक मुख्यतः शिखापेशींच्या भोवतालच्या ऊतकांत कार्य करते. म्हणून दोषांचे साम्य हे कारणांचे ऐक्य नव्हे; हृदयाची विकृती पाहून तिचे उगमस्थान गृहीत धरता येत नाही, ते प्रयोगानेच निश्चित करावे लागते.